तांबड्या थरापर्यंतचं पाणी

आमच्या वस्तीची विहीर दुष्काळी कामावर खणलेली. खणणारे आम्हीच. वस्तीतल्या बाया टोपल्यांनी मुरूम उपसत होत्या, त्यात मीही होते. त्याआधी पाण्याला गावात जावं लागे. गावच्या विहिरीवर आम्हाला पोहरा टाकता येत नसे. काठावरच्या कुणाला वाटलं तर त्यानं वरून ओतायचं, तोवर घागर घेऊन बाजूला उभं राहायचं. म्हणून विहीर आटणं म्हणजे आमच्यासाठी परत त्या जागी जाऊन उभं राहणं होतं.

आणि विहीर आटू लागली होती. वरच्या अंगाला, ओढ्याकाठी एका पाटलांचा हळदीचा मळा होता. त्यांनी मळ्यातल्या विहिरीवर डिझेलचं इंजन बसवलं तेव्हापासून आमचं पाणी खाली जातं, असं वस्तीत जो तो म्हणे. आमची माणसं ग्रामपंचायतीत सांगायला गेली आणि ‘तुमी म्हणता म्हणून इंजन बंद ठेवू का?’ एवढं ऐकून परत आली. मला तो प्रश्न रास्त वाटला. नुसतं म्हणून भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं.

तोवर शिकून मी गावातल्याच शाळेत शिकवायला लागले होते. पाणी मोजायची पद्धत ठरवायची म्हणून बायांना आमच्या ओसरीवर बोलावलं. कुणी म्हणालं, दोराला गाठी मारा. पण दोर भिजला की आखडतो, आणि वस्तीत चांगला दोर एका जागी राहत नाही. कुणी म्हणालं, हातानं मोजा. तेव्हा सगळ्यांनी आपापले हात एकमेकींच्या हाताला लावून पाहिले आणि तो विषय तिथंच संपला. शेवटी उत्तर विहिरीतच सापडलं. बांधकाम घडीव दगडाचं, थरावर थर. माझ्या नवऱ्याला बाजेवर बसवून आत सोडलं आणि एक थर चुन्यानं पांढरा, एक तसाच, असं खालपर्यंत रंगवून घेतलं. ज्या थराखाली पाणी गेलं की पोहऱ्यात गाळ येतो, तो थर तेलाच्या तांबड्या रंगानं रंगवला. आता लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही वाकून पाहिलं की पाणी कुठं आहे ते सांगता येत होतं. दर आठवड्याला तेवढी रेघ मी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूनं ओढायची. भिंत बाजाराला जाणाऱ्या वाटेवर होती. गावानं रोज पाहावी हाच हेतू होता.

मोजायचा वार बायांनी ठरवला, सोमवार. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला पायी जाणारी माणसं त्या दिवशी सकाळपासून आमच्या वाटेनं जात. वार विसरायची भीती नव्हती. कामावरून आलं की संध्याकाळी विहिरीत पाहायचं.

रेघा एकीखाली एक उतरत गेल्या. संक्रांतीनंतर मी सरपंचांना गाठलं आणि भिंतीपुढंच बैठक बोलवायला लावली. पाटील आले. बराच वेळ भिंत पाहत राहिले. मग मोजायचा वार कोणता, एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या शेजारच्या मावशीनं सोमवार म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

पाटील हसले. “मग तुमची विहीर महादेवच पिऊन राहिला की, बाई. माझ्या इंजनाला काहून बोल लावता?”

सगळी बैठक हसली. हसण्यासारखंच होतं. आमची विहीर रस्त्याला लागून. औंढ्याला जाणारे तिथं अंघोळ करत, तांबे भरून घेत आणि पुढं जात. विहीर कोणाची हे त्यांना कुणी सांगत नव्हतं, आणि आम्ही तर नाहीच नाही. मावशीला त्याचं मोठं सुख होतं. गाव आपल्या सावलीला भितं आणि देवाला चाललेली माणसं आपलंच पाणी डोक्यावर घेतात, असं ती दर सोमवारी म्हणे. त्याच सुखात आम्ही विहीर सर्वांत जास्त उपसली जाते त्या दिवशी, उपसा झाल्यावर मोजत होतो.

परत येताना मावशी म्हणाली, जाऊ दे, नाक गेलं. मी म्हटलं, पाटलांनी भोक दाखवलंय, आपण बुजवू. दुसऱ्या दिवसापासून पहिला पोहरा पडायच्या आत मोजायचं, आणि रोज मोजायचं, असं ठरवलं. राहिलं इंजन. ते चालू असताना आणि बंद असतानाही मोजायला हवं होतं, आणि ते पाटलांच्या हातात होतं.

मी मळ्यात गेले. हळद काढून झाली होती, कढईत शिजत होती. इंजन उन्हाळी भुईमुगासाठी चालत होतं. थोडे दिवस बंद ठेवा, मग तितकेच दिवस चालवा, एवढंच मी मागितलं.

“आन् काही फरक पडला न्हाई तर?”

“तर भिंत मी माझ्या हातानं पुसते.”

“बराबर ध्यानात ठेवा,” ते म्हणाले आणि गड्याला इंजन बंद करायला सांगितलं. त्यांना स्वतःची खात्री होती.

रोज सकाळी ते स्वतः बघायला येत. पहिल्या दिवशी रस्त्यावरूनच विचारलं. नंतर काठापर्यंत आले, वाकून पाहू लागले. मावशी म्हणाली, “तहान लागली आसंल तर पोहरा हाय, पाटील.” त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. इंजन बंद होतं तोवर पाणी चढत गेलं, पांढरे थर एकेक करून बुडाले. इंजन सुरू झालं तसे ते परत उघडे पडले. मात्र सोमवारच्या उपशानंतर मंगळवारी सकाळी पाणी कमीच असे. त्यांचंही खरं होतं, आमचंही.

दुसऱ्या बैठकीत कुणी हसलं नाही. तांबडा थर उघडा पडला की इंजन बंद, तो बुडाला की चालू, हे ठरलं. यात्रेकरूंनी अंघोळीला मळ्यातल्या विहिरीवर जायचं, पुण्य पाटलांना. त्यांच्या पिण्यासाठी रस्त्यावर रांजण ठेवायचा आणि तो गावानं गावच्या विहिरीतून भरायचा. हे शेवटचं मी सुचवलं. थोडी कुजबुज झाली, पण महादेवाच्या माणसांना पाणी देत नाही असं भर बैठकीत कोण म्हणणार?

खरी परीक्षा पुढं झाली. वैशाखात तांबडा थर उघडा पडला. भुईमुगाच्या शेंगा भरायच्या दिवसात. मी सांगायला गेले. पाटील बांधावर उभे होते. त्यांनी भुईमुगाचा एक वेल उपटून शेंग फोडून पाहिली.

“आणखी एक पाणी मिळालं असतं तर शेंग पोचट न्हाई राहिली असती.”

मी म्हटलं, मला माहीत आहे. इतकंच. गयावया करायला मी आले नव्हते.

त्यांनी गड्याला हाक मारून इंजन बंद करायला लावलं. मग मला म्हणाले, “महादेवालाबी सांगा, बाई. सोमवारी जरा कमी पी म्हणावं.”

पुढच्या सोमवारी मावशी सकाळपासून रस्त्यात उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला मळ्याकडं बोट दाखवून, मळ्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, “अंघोळीला वर जा, पाटलाच्या मळ्यात. लई मोठ्या मनाचा माणूस हाय.” गावातून रांजण भरायला आलेल्या बाया तिच्याकडं न बघता पाणी ओतून गेल्या. मी विहिरीत वाकून पाहिलं. तांबडा थर अजून उघडाच होता, पण पाणी त्याच्या खालच्या कडेला टिकून होतं, पोहऱ्यात गाळ नव्हता. त्या उन्हाळ्यात वस्तीतली एकही घागर गावच्या विहिरीवर गेली नाही.