बैल मागे चालत नाहीत

मिझिंगाची सवय काही सुटत नव्हती. वळण आलं की ती ट्रकलाच हाक मारायची, "चल रे मालुंडू, बाहेरून घे, बाहेरून!" मालुंडू हा तिच्या बापाच्या पुढच्या जोडीतला बैल; त्याला मरून दहा वर्षं झाली. पण मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला तो अजस्र ट्रक झांबियातल्या मझाबुकाच्या शेतांतून ती असा वळवायची की शेवटचं चाक कडेच्या वारुळालासुद्धा शिवत नसे.

रडकथा एकच. ट्रक मागे घेणं काही बाईला जमायचं नाही. पहिली ट्रॉली एकीकडे, दुसरी भलतीकडेच! "चार बैल जुंपून कुणी मागे गेलंय का कधी?" ती करवादायची. बरोबर शिकणारा हामाउंदू खो खो हसायचा. "तू आपली निंदणीच बरी गं!"

आज परीक्षा होती. ड्रायव्हरची जागा एकच. राहील तो परत निंदणीच्या टोळीत. मिझिंगाला ही जागा जीव तोडून हवी होती. सकाळी एन्शिमाचा, मक्याच्या उकडीचा, घाससुद्धा घशाखाली उतरला नव्हता.

"पाटाकाठच्या रस्त्याने टोकाच्या शेतात चल," शेजारी बसलेला म्हातारा वस्ताद हाकालिमा एवढंच म्हणाला. हामाउंदू मागच्या सीटवर होता.

रस्त्याच्या तोंडाशीच तिने ब्रेक मारला, उतरली आणि तरातरा चालत टोकापर्यंत जाऊन आली. दोन्ही बाजूंना पाट, टोकाला कुलूपबंद फाटक.

"ताता, मी आत घालणार नाही. वळायला जागा नाही, आणि मागे यायला मला जमत नाही." म्हाताऱ्याला ती बापासारखं ताताच म्हणायची. किल्ली तिने त्याच्या हातात ठेवली. संपलंच की सगळं!

"घाबरट! सर, मी दाखवतो," म्हणत हामाउंदू स्टिअरिंगवर बसला. आत गेला झोकात. मागे येताना मात्र पहिली ट्रॉली दुमडून केबिनला भिडली आणि शेवटची चाकं पाटाच्या चिखलात. आता ओढायला ट्रॅक्टर आणा!

मिझिंगा मान खाली घालून घराकडे निघाली होती.

"कुठे चाललीस, पोरी?" हाकालिमा ओरडला. "तीस वर्षं दोन ट्रॉल्या ओढतोय मी. मागे घ्यायला मलाही जमत नाही. म्हणून तर आधी उतरून बघतो. सोमवारी गाळप सुरू होतंय, पहाटे हजर राहा!"

मिझिंगाने भर रस्त्यात उडीच मारली. "मालुंडू, ऐकलंस का रे!"