सरांची कात्री आणि काळा दोरा

नळ्यांचे किस्से माझ्याकडे किती साठलेत, विचारू नका. मोठ्या शिरेत किंवा धमनीत नळी घालणं एकवेळ सोपं, ती तिथं टिकवणं महाकठीण! सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका हॉस्पिटलात मी नवा हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होतो. आमच्या सर्जन सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नळी निसटली तर पेशंट जाईल, आणि त्याच्या मागोमाग तू लोणंदला." लोणंद माझं गाव.

पहिला नमुना कोयनानगरचे रिटायर्ड सुभेदार. त्यांच्या छातीवर नळी चिकटपट्टीनं चिकटवली, की तासाभरात पट्टी लोंबायला लागायची. मी आपला पट्टीवर पट्टी लावतोय. चार दिवसांनी कळलं, पट्टीनं केस ओढू नयेत म्हणून सुभेदार रोज छातीला खोबरेल चोळत होते. सुटलेल्या पट्ट्या त्यांनी पेल्याला नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. सरकारी माल वाया घालवायची सवय नाही, म्हणाले.

मग कराडकडचे एक ऊस बागायतदार. मनगटाच्या धमनीतली नळी हलू नये म्हणून मी त्यांचा हात लाकडी फळीला बांधला. दुपारी त्यांचे भाऊ आले. "पोटासाठी आणला हुता, हात कुणी मोडला?" मी समजावतोय तोवर त्यांनी हाडवैद्य आणलासुद्धा! त्यानं बोटं चाचपली, हात शाबूत असल्याचं जाहीर केलं आणि फळी सोडायला बसला. आमच्या रूथ सिस्टरनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मी फळी पुन्हा आवळली.

आणि मग जतकडचा बिरू आला. धनगराचा तरणा गडी, पोटात पू झालेला. हातापायाच्या शिरा सापडेनात, औषधाला वाट एकच, गळपट्टीच्या हाडाखाली मोठ्या शिरेत घातलेली नळी. जागा स्वच्छ करताना सरांनी त्याच्या गळ्यातला नजरेचा काळा दोरा कात्रीनं कापून टाकला. त्याच्या आईनं, सत्यव्वानं, तो उचलून कनवटीला खोचला.

पट्टीवर माझा आता विश्वास उरला नव्हता. मी काळ्या रेशमाचे दोन टाके घालून नळी कातडीलाच शिवली. सत्यव्वानं वाकून निरखून पाहिलं.

"ह्यो दोरा कुणी घातला?"

घाबरत म्हटलं, मी. ती एकदम माझ्या पाया पडली. मला काहीच कळेना.

त्यानंतर तिनं नळीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. वरचं ड्रेसिंग बदलायचं तर आधी मला तिच्यासमोर हात धुवावे लागत. नऊ दिवस नळी जागची हलली नाही. ताप उतरला, बिरू भाकरी मागायला लागला.

नळी काढायला सर आले. एक टाका कापला, नळी बाहेर घेतली. दुसऱ्या टाक्याला कात्री लावली तशी सत्यव्वानं हात जोडले.

"आवं, येवढा ऱ्हाऊ द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगून निघून गेले.

पंधरा दिवसांनी बिरू स्वतःच्या पायानं चालत आला. मी टाका काढला. सत्यव्वानं तो रेशमाचा तुकडा मागून घेतला, कनवटीच्या काळ्या दोऱ्यात गुंफला आणि माझ्याच मनगटाला बांधला.

"तुमच्या हातास्नी नजर लागंल."

वॉर्डात मनगटावर काही घालायचं नाही, हा सरांचा कडक नियम. दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांची नजर बरोबर तिथंच गेली. म्हटलं, गेलो लोणंदला.

सरांनी कात्री घेतली. माझा हात धरला. आणि दोऱ्याचं लोंबणारं टोक तेवढं कापलं.