एका पासवर दोन चेहरे

भिलाईत पहिली भट्टी पेटली त्याच्या आधी माझा फ्लॅश पेटला, असं मी आजवर निदान चारशे लोकांना सांगितलं आहे. एकानंही ते खोडून काढलं नाही, कारण खोडून काढणारे तेव्हा धुळीत दिसत नव्हते. धूळ अशी, की रिसालीहून पांढरा सदरा घालून निघालेला माणूस रुआबांध्याला पोचेपर्यंत विटेचा व्हायचा आणि त्याची स्वतःची बायको त्याला भिंत समजून त्यावर कपडे वाळत घालायची.

त्या रुआबांध्याच्या अंगाला माझा स्टुडिओ होता. चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, आत एक पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात हंस. रंगवणाऱ्यानं हंस जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला घोरपडीची मान आली होती. त्या घोरपडीपुढे बसून अर्ध्या भिलाईनं गावी फोटो पाठवले. कोट एकच, माझाच. बारीक माणसाला मागून टाचण्या लावायच्या, जाड्याला मागून उसवलेला भाग पडद्याकडे करायचा. गावी पाठवायच्या फोटोचं कामच असं की तो खोटा असला पाहिजे, आणि घेणारा, देणारा, पाहणारा, तिघांनाही ते ठाऊक असलं पाहिजे.

कारखान्याच्या गेटपासचा फोटो म्हणजे याच्या नेमकं उलट. कोट नाही, हसू नाही, डोक्यावर दुपट्टा नाही. दोन्ही कान दिसले पाहिजेत, छातीवर नंबराची पाटी, नजर सरळ. असा फोटो काढायला बसला की भला माणूससुद्धा आपण काय गुन्हा केला ते आठवायला लागतो. गेटवरचा शिपाई माणूस पाहत नसे, पासवरचा चेहरा पाहत असे, आणि तो जुळला की दार उघडत असे.

आणि एक तिसरा फोटो होता. तो काढताना मला आधी अभिमान वाटायचा, नंतर भीती. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, जमिनीत ठोकलेल्या एकाच खुंटीवर कॅमेरा उभा करायचा आणि बांधकाम किती चढलं ते टिपायचं. जवळच्या विटेपासून लांबच्या चिमणीपर्यंत सगळं स्पष्ट हवं, म्हणून भिंगाचं छिद्र बारीक आणि झाकण जास्त वेळ उघडं. मी एक ते दहा मोजायचो. या दहा आकड्यांत जो हलला तो फोटोत उरत नाही. हजार माणसं घमेली वाहत असायची, आणि प्लेट धुतली की मैदान ओसाड, चिमणी एकटीच वाढलेली. कधी एखादा पाय उरायचा, कधी नुसती सावली. साहेब लोक म्हणायचे, ‘व्हेरी क्लीन.’

त्या चिमणीवर आमच्या गावचा एक जण कामाला होता. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. हा दोघा भावांतला थोरला, ठेकेदाराच्या उंचावर काम करणाऱ्या टोळीत लागलेला. धाकटा दीड वर्षानं लहान. तो भिलाईला आला तोवर भरती बंद झाली होती. थोरल्याला पाळीचा हिवताप. दोन दिवस काम, दोन दिवस गोधडी. महिन्यात तीन खाडे झाले की मुकादम नाव कापायचा. त्याच सुमारास नवे पास निघाले आणि साऱ्या टोळीचे फोटो काढायचं काम मला मिळालं. दोघे भाऊ स्टुडिओत येऊन उभे राहिले.

थोरला म्हणाला, “नाव कटून राहिलं बे मायं. तू कायतरी कर.”

“मी काय डॉक्टर हाओ?”

“डॉक्टर असता तर तुयाकडं आलो असतो का?”

धाकटा हंसाकडे बघत म्हणाला, “याच्या तापाच्या दिवशी मी जातो ना वर. फक्त शिपायानं मले हा समजलं पायजे. तू त बाप्पा म्हशीची परी करतं, आमचा एक मानूस नाही होत?”

अशी स्तुती केली की मी दगडातून पाणी काढतो. दोघांचे सारखेच फोटो काढले, पाटी थोरल्याच्या नंबराची, आणि दोन्ही काचेच्या प्लेटा एकीवर एक दाबून एकाच कागदावर उतरवल्या. पेन्सिलीनं मिशी सारखी केली, भुवई जोडली. निघाला तो चेहरा मी आजही विसरलो नाही. थोरला समोर उभा करा, थोरला दिसे. धाकटा उभा करा, धाकटा. मी झोपडीत जाऊन तो थोरल्याच्या बायकोला दाखवला, वाटलं चहा मिळेल.

तिनं बराच वेळ पाहिला. “हा कोन हो भाऊजी?”

“तुमचे मालक. अन् दीरही.”

“नाही. याच्या डोयात मले कोनीच नाही दिसत.” तिनं फोटो पालथा करून माझ्या हातात दिला. चहा काही मिळाला नाही.

चार महिने हे चाललं. गेट उघडत होतं, हजेरी लागत होती. मी मात्र खुंटीवर कॅमेरा लावला की वर बघायचो. मुंगीएवढा माणूस फळीवर उभा दिसायचा. आज कोण? झोपडीत थोरल्याची बायको एकटी जाणत असे. खाली हजार माणसांत कुणालाच पत्ता नव्हता. वरून धाकटा पडला तर पास सांगेल ते नाव लागेल, आणि जिवंत असलेला थोरला कागदावर मरेल. हा विचार मी दहा आकड्यांत एकदा करायचो आणि अकरावा आकडा मोजायचो नाही.

एका सकाळी ठेकेदाराची जीप स्टुडिओपुढे थांबली. त्याच्या बाबूनं, म्हणजे कारकुनानं, उतरताच सांगितलं, “कॅमेरा उठाइए. एक्सीडेंट की फोटो.”

अपघाताचा फोटो मी त्याआधी दोनदा काढला होता, दोन्ही वेळा नुसत्या क्रेनचा. त्यात कारागिरी चालत नाही. जे जिथे पडलं तिथेच राहू द्यायचं, शेजारी फूटपट्टी ठेवायची म्हणजे अंतर कळतं, उजेड जसा असेल तसा. पेन्सिल लावायची नाही. जीपमध्ये बाबूच्या खिशातून पास डोकावत होता. मला अर्धाच दिसला, पण अर्धा पुरला. माझीच जोडलेली भुवई.

चिमणीखाली टोळी मुंडाशी काढून उभी होती. मुकादम म्हणाला, वारा आला आणि फळी फिरली, बास. मी फूटपट्टी ठेवली, फळीचा फोटो काढला, दोराचा काढला. माझे हात इतके चोख चालले की मलाच माझा राग आला. मग बाबूनं पास पुढे केला. “यही है ना? फोटो तो आप ही ने खींची है. लिख दूँ?”

हो म्हटलं असतं तर माझं गेटचं काम राहिलं असतं. पण चादरीखाली धाकटा निघाला तर थोरला आयुष्यभर मेलेला, त्याच्या बायकोचं कुंकू सरकारी शाईनं पुसलेलं, आणि जो खरा मेला त्याच्या नावानं कोणी पाणीसुद्धा सोडणार नाही. मी चादर उचलली. धाकटा होता. तोंडाला काही झालं नव्हतं, तो नुसता वैतागलेला दिसत होता.

“ये नहीं है,” मी म्हणालो. “पासवाला घर में बुखार में पड़ा है.”

त्या दिवशी थोरल्याचं नाव कटलं आणि माझं गेट बंद झालं. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी थोरला मला म्हणाला, “जल्मभर फेका मारल्या तू. अन् खरं बोलाले हाच दिवस भेटला तुले? कावून?”

“तू जिता रायला पायजे म्हनून.”

“जिता हाओ. काम नाही, भाऊ नाही. घे, काढ फोटो.”

दहाव्याला आम्ही गावी गेलो. त्यांच्या आईनं, आम्ही तिला काकी म्हणायचो, एवढंच मागितलं होतं: धाकट्याचा एक फोटो. मी निघण्याआधी प्लेटा शोधल्या. चार महिन्यांपूर्वी दाबून ठेवल्या तशाच होत्या. पावसाच्या दमट हवेनं दोन्हींवरचा चित्राचा थर एकमेकांना चिकटला होता. पातं घालून सोडवायला गेलो तर धाकट्याचा चेहरा सोलून थोरल्याच्या काचेवर गेला. धाकट्याच्या काचेवर पारदर्शक भोक उरलं. माझ्याकडे पासचीच एक जादा प्रत होती. तीच मी मोठी करून चौकटीत घालून नेली होती.

काकीनं चौकट मांडीवर घेतली. पदरानं पुसली. हार हातात होता, तो तिनं खाली ठेवला.

“पोरा, याचा उजवा डोया मोठ्याचा हाय.”

मी खिशातली पेन्सिल चाचपली.

“जित्याच्या गळ्यात हार घालू मी? काढ त्याले यातून. तुले येते ना सगळं?”

दोन दिवस ओसरीवर बसून मी पेन्सिल, ब्रश, पातं, सगळं चालवून पाहिलं. डोळा खोडला की गाल थोरल्याचा निघे, गाल खोडला की हनुवटी. शेवटी उरला तो कुणाचाच नव्हता. मी काकीच्या पाया पडलो आणि सांगितलं, येत नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं त्या गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

तिनं कागद चौकटीतून काढला आणि थोरल्याच्या हाती दिला. “राखेसंग सोड.”

थोरला वैनगंगेत कमरेइतक्या पाण्यात गेला. राख गेली, कागद गेला नाही. चेहरा वर करून तो तरंगत राहिला. थोरल्यानं तळहातानं दाबला, तो बाजूनं वर आला. पुन्हा दाबला. काठावर काकी, सून आणि मी, तिघेही पाण्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हात टेकवले, सगळं वजन टाकलं, आणि मान वळवून ओरडला, “काकाजी लोकांनो, तिकडं पाहा ना!” काठावर काकाजी म्हणावं असा वडीलधारा कुणीच नव्हता, बघणारे आम्हीच. आम्ही तिघांनी पाठ फिरवली.

पुढे त्याला रेल्वेच्या गँगमध्ये काम लागलं, तिथे फोटोचा पास लागत नसे. त्याच्या लेकीच्या लग्नात मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि त्याला हाक मारली. तो आला, ओळीत शिरला नाही, माझ्या मागे येऊन कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाचं एक टोक हातात धरून उभा राहिला.

“मोज,” तो म्हणाला.