रजई पांघरलेला फ्रीज

थंडी कशी पकडून ठेवावी, याचा जितका विचार समुद्रपूरच्या माझ्या साडभाऊनं केला, तितका अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी केला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. ऐंशी सालाच्या आगेमागे त्याच्या घरी जुना फ्रीज आला, तो काही हौसेनं नाही. त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, साखरेच्या दुखण्यापायी रोज इंजेक्शन लागे. डॉक्टरनं बजावलं होतं, औषध तापलं की वाया गेलं समजा. अन् उन्हाळ्यात आमच्याकडची लाइन दुपारी हमखास जायची. साडभाऊ त्या फ्रीजचा पहारेकरीच झाला. काय काढायचं ते आधी सांगितल्याशिवाय दाराला हात लावू देईना. रबर ढिलं झालं का हे पाहायला एसटीचं तिकीट दारात अडकवून ओढे. सहज निघालं की त्या दिवशी याला जेवण गोड लागत नसे. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या कोंबी, लाइन गेली तरी त्या गारवा धरतात म्हणून. एकदा मी दार उघडून जरा विचार करत उभा राहिलो, तर हा ओरडला, "दार लावा ना जी! साऱ्या गावाले थंड करून राह्यले का?"

मग त्याच्या डोक्यात रजई आली. बर्फवाला लादी पोत्यात गुंडाळतो, तर आपण कापूसवाल्यांनी मागं का राहावं? घरच्या कापसाची जाड रजई शिवून त्यानं फ्रीजला चहूकडून गुंडाळली, वरून सुतळी आवळली. मी म्हटलं, "साडभाऊ, मागच्या जाळीतून गरम झळ निघते. तिले काऊन पांघरूण घालता?"

"तुम्ही चौथी शिकले, मी पाचवी," म्हणे.

दुपारपर्यंत मोटार अशी तापली की बंदच पडली. मेहुणी पलंगावरून म्हणाली, "मले घाम येऊन राह्यला, अन् त्याले रजई!" साडभाऊ हसला नाही. सुतळी दातांनी तोडून त्यानं जाळी मोकळी केली, औषधाची शिशी गार बाटल्यांच्या मधोमध खुपसली आणि दाराला पाठ लावून बसला. चहालाही उठला नाही. मोटार निवून पुन्हा घरघरली तेव्हा डोळे पुसत म्हणतो कसा, "बाकी तीन बाजूनं रजई राहीनच." राहिलीही.

मेहुणी पुढे बरीच वर्षं जगली. ती गेल्यावर त्यानं रजईसकट फ्रीज दवाखान्याला देऊन टाकला. बैलबंडीवर चढवू लागायला मी गेलतो. म्हटलं, "राहू द्या घरी, पाणी तं गार भेटन."

बंडीमागं चालता चालता तो म्हणाला, "आणखी कोणाची बायको असन ना, साडभाऊ."