डायरेक्ट म्हणजे नॉनस्टॉप नव्हे

नसीमआपा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात काम मागायला आल्या तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना सुट्टी. विचारलं ते एवढंच, "भाऊ, ह्यो कॉम्प्युटर दारापाशी घेता येईल का? रस्ता दिसला पायजे." विजापूर वेशीजवळ माझं दुकान, समोर एका ट्रॅव्हल्सवाल्याचं काचेचं ऑफिस. आत कोंडल्यासारखं होत असेल, असं समजून मी टेबल हलवलं. खरं कारण कळायला सहा महिने गेले.

आपा चाळिशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. प्रिंट काढलेला कागद आधी स्वतः वाचायच्या, मगच गिऱ्हाइकाला द्यायच्या. लग्नपत्रिका असो की सातबारा. मी कधी चिडलो तर म्हणायच्या, "छापल्याला शब्द वकिलासारखा असतोय, भाऊ. जो आधी वाचंल त्याच्या बाजूनं बोलतोय."

एका दुपारी मोडनिंबचं एक म्हातारं जोडपं समोरून विमानाचं तिकीट घेऊन प्रिंटला आलं. मुलाकडे निघाले होते. आजोबा कौतुकानं म्हणाले, "डायरेक्ट हाय. बसायचं नि उतरायचं." आपांचा हात माऊसवर तसाच राहिला. मग त्यांनी त्या दोघांना बसवलं आणि समजावलं, "डायरेक्ट म्हंजी विमान बदलायचं न्हाय, इतकंच. मधी थांबत न्हाय असं त्यात कुटंच न्हाय. न थांबणारं ते नॉनस्टॉप. तुमचं मधी एकदा खाली उतरतंय. लोक उठतील, तुमी उठू नका."

ते गेल्यावर आपा पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या.

त्यांचे मोठे चुलते कोलकात्यात होते. अखेरचं आजारपण. अब्बांना शेवटची भेट हवी होती. समोरच्या ट्रॅव्हल्सवाल्यानं पुण्याहून निघणाऱ्या विमानाचं तिकीट काढून दिलं, वर हेच सांगितलं, "डायरेक्ट आहे, बसायचं आणि उतरायचं." अब्बा जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. विमान नागपूरला उतरलं, शेजारचे उठले, अब्बाही उठले. बाहेर येऊन त्यांनी रिक्षावाल्याला भावाच्या पत्त्याची चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, "बाबा, हे नागपूर आहे." दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा भावाला माती देऊन झाली होती.

"मी जाब इचारायला गेले," आपा म्हणाल्या. "चार गिऱ्हाइकं बसली व्हती. हसला तो. म्हणला, तिकीट डायरेक्टच होतं, वडिलांना गाव ओळखू येत नाही त्याला मी काय करू? आधी इंग्रजी शिका, मग भांडायला या. घरी येऊन मी शब्दकोश काढला, भाऊ. त्याचंच बरोबर व्हतं. त्येच मला सोसलं न्हाय."

त्या दिवसापासून त्यांचं युद्ध माझ्यासमोर उघड झालं, आणि टेबल दारापाशी कशाला हवं होतं तेही कळलं. समोरून तिकीट घेऊन निघालेला माणूस प्रिंटला आला की आपा त्याला ओळ न् ओळ वाचून दाखवायच्या. कुठं थांबतं, किती वेळ थांबतं, सामान कुठं मिळतं. मग गोड आवाजात, "जावा की, हे त्यांनी का सांगितलं न्हाय, इचारून या." माणसं परत जायची, काचेमागे आवाज चढायचे. आपा त्याच्याबद्दल खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. मी एकदा म्हणालो, "पुरे आता." त्या म्हणाल्या, "त्यानंच सांगितलं व्हतं, शिकून या. शिकले."

तीन वर्षांत समोरची गर्दी ओसरली. अखेर एका सकाळी तो स्वतः दुकानात आला. पडलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, चुकलं माझं. आता थांबवा."

"मला नगं सांगू. अब्बांना सांग."

मीही सोबत गेलो. अब्बा ओट्यावर बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसून रडत रडत सगळं बोलला. अब्बांनी ऐकून घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भाई तो गया, बेटा. अब तू काइकू रोता?" मग आत हाक मारली, "नसीम, चाय ला गे."

आपांनी चहा आणला, त्याच्यासमोर ठेवला, आणि म्हणाल्या, "माफी अब्बांनी दिली. मी दिली न्हाय." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा टेबलावर होत्या, पहिलंच तिकीट हातात घेऊन.

वर्षभरात त्यानं ऑफिस बंद केलं. टेम्पोत खुर्च्या चढत होत्या. मी भीत भीत विचारलं, "आपा, आता बरं वाटलं?"

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"न्हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "अब्बांनी त्याच्या डोक्यावर हात ठिवला, तवाच माझं भांडण संपलं व्हतं. मलाच थांबता आलं न्हाय."