मागच्या पंगतीपर्यंतचा आवाज

माइकवर नखाने दोनदा टिचकी मारायची, मान तिरकी करून कर्ण्याकडे बघायचं आणि विचारायचं, "आवाज पोचतोय का मागच्या पंगतीला?" मागून कुणीतरी हात वर केल्याशिवाय ते पुढचा एक शब्द बोलायचे नाहीत.

मंचर-जुन्नरकडच्या लग्नाला तुम्ही कधी गेला असाल, तर हा माणूस तुम्हालाही ठाऊक आहे. चेहरा आठवणार नाही कदाचित. लग्नात ते निवेदन करायचे. कोण आलं, कुठून आलं, नवरदेवाचा परण्या मारुतीपाशी किती वेळ थांबलाय, अक्षता कुणाला मिळाल्या नाहीत, सगळं त्यांच्या तोंडून कळायचं. लोक त्यांना भाऊ म्हणत. मी नवरीचा मेकअप करते, मंचरला माझं पार्लर आहे. नवरीच्या खोलीतून मांडव दिसत नाही. कित्येक वर्षं मी लग्नं पाहिली ती भाऊंच्या आवाजातून.

आवाज फार मोठा नव्हता. भरलेला होता. कानाला लागायचा नाही आणि तरी कुठेही बसलं तरी जवळून आल्यासारखा वाटायचा. बाकीचे निवेदक पुढाऱ्यांची नावं घेतात आणि दमतात. भाऊ पुढाऱ्यांनाही घ्यायचे, पण मध्येच म्हणायचे, "आण्याच्या पठारावरनं दोन एसट्या बदलून आलेल्या नवरीच्या आत्याबाई, मागं उभ्या राहू नका, पुढं या, तुमच्यासाठी खुर्ची ठिवलीय." मग सगळा मांडव मान वळवायचा आणि म्हातारी पदर सावरत, लाजत पुढे यायची. मी नवरीला घेऊन निघाले की माझंही नाव व्हायचं, "आणि नवरीला नटवणाऱ्या आमच्या ताई." माझं नाव माइकवर घेणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

राजुरीला एकदा नवरदेवाचा मामा रुसला. टोपी-उपरण्याच्या मानात त्याचं नाव मागे पडलं होतं. गडी तडक जाऊन जीपमध्ये बसला, गाडी चालूही झाली. भाऊंनी घाई केली नाही. मामाने भाच्याला कसं खांद्यावर बसवून बैलगाडा शर्यत दाखवली, भाच्याच्या आजारपणात कसा दवाखान्यात बसून राहिला, हे सांगायला लागले. खरं होतं की जागच्या जागी रचलेलं, देव जाणे. जीप गावाच्या कमानीपाशी थांबली. मामा डोळे पुसत परत आला आणि भाऊंच्याच पाया पडला. रात्री जेवताना मी विचारलं, "भाऊ, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे? मामा हाय ना तो."

त्यानंतर आवाज बसायला लागला. आधी म्हणाले, थंड पाणी प्यालो. मग खडीसाखर, ज्येष्ठमध, गरम पाण्याच्या गुळण्या. एका लग्नात मंगलाष्टकांच्या आधी त्यांचा आवाज मध्येच तुटला आणि खोलीत नवरी मला म्हणाली, "ताई, माइक गेला का?" मला कळलं, माइक गेला नव्हता. पुण्यात तपासण्या झाल्या. घशाचा कॅन्सर निघाला. गाठ काढली, रेडिएशनचे शेक दिले. लोक एकमेकांना सांगू लागले, तंबाखू खात असणार. भाऊंनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. पण हे ते कुणाला आणि कोणत्या आवाजात सांगणार?

कारण उरला तो आवाज नव्हता, खरवड होती. लोखंडी कढई दगडाने घासावी तशी. एका जुन्या ओळखीच्या घरच्या लग्नात मोठ्या मानाने त्यांच्या हातात माइक दिला. त्यांनी टिचकी मारली, नेहमीचं वाक्य म्हटलं. लहान पोरं आधी घाबरली, मग फिदीफिदी हसली. नवरीच्या भावाने फार हळुवारपणे त्यांच्या हातून माइक काढून घेतला. तो हळुवारपणाच वाईट होता. त्यानंतर भाऊंनी लग्नांना जायचं सोडलं. हायवेवरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाने त्यांना हॉल उघडायचं, बंद करायचं काम दिलं. ज्या मांडवात बोलायचे, तिथे खुर्च्या मोजायला लागले.

त्याच हॉलमध्ये पितृपाठात, म्हणजे पितृपक्षात, एक गाण्याबजावण्याचा कार्यक्रम झाला. पितृपाठात लग्नं नसतात, हॉल रिकामा असतो, म्हणून मालकाने दिला. मागणारा होता तौसीफ, जुन्नरचा. वडिलांचा गाद्या भरायचा धंदा, आणि हा ड्रम वाजवायचा. त्याच्या बहिणीच्या लग्नात निवेदन भाऊंनीच केलं होतं. तौसीफ माझ्याकडे पार्लरमध्ये आला आणि मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाला, "ताई, अशी तोंडं रंगवून देताल का? पांढरी आन् डोळ्याभवती काळं. मढ्यागत दिसलं पाहिजे."

"अरे, पितृपाठ चालूय!"

"मग तर लईच बरं," तो हसला. "ब्लॅक मेटल म्हणत्यात असल्या गाण्याला. आन् डेथ मेटल. नाशिकचा बँड येतोय, पुण्याचा येतोय. आमी हितलेच."

आयुष्यभर लोकांनी मला सांगितलंय, जरा उजळ दिसू द्या. मढं करून द्या म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक. मी हो म्हटलं.

संध्याकाळी हॉलवर गेले. स्टेजवर गणपतीचं चित्र आणि 'शुभविवाह' लिहिलेली थर्माकोलची कमान तशीच होती, मालकाने हात लावू दिला नव्हता. खाली काळे टी-शर्ट घातलेली, केस वाढवलेली पोरं अदबीने रांगेत बसून वडापाव खात होती. नवरीच्या खोलीत मी नाशिकच्या गायकाचं तोंड रंगवलं. इतकं नम्र गिऱ्हाईकही मला क्वचित मिळालंय. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "काकू, मान दुखत नाही ना तुमची?"

मग तो आवाज तपासायला स्टेजवर गेला. गिटार अशा वाजल्या, जणू पत्र्यावर कुणी खडी ओततंय. आणि हा पोरगा ओरडला. घशाच्या तळातून, फाटलेलं, खरवडलेलं काहीतरी. भाऊ भिंतीपाशी खुर्च्या लावत होते. ते तिथेच थांबले. गाणं संपल्यावर त्यांनी तौसीफला गाठलं.

"त्याला काय झालंय?"

"कुणाला, भाऊ?"

"त्या पोराला. घशाला."

"काय न्हाई झालं. मुद्दाम काढतो तो तसा आवाज. लई वर्षं शिकावं लागतं."

"मुद्दाम?" भाऊ म्हणाले. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. मग त्या खरवडीतूनच हसले, "मला फुकट मिळालाय की रं."

तौसीफने तिथल्या तिथे विचारलं, आज निवेदन तुम्हीच करा. भाऊ नाही नाही म्हणाले. थोड्या वेळाने खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "ताई, मला बी लावा ते पांढरं. कुणी वळखायला नको." गळ्यावर शेकाने काळी पडलेली कातडी होती, तिथे मी रंग लावला नाही. उपरणं गुंडाळून दिलं.

भाऊ स्टेजवर गेले. माइकवर नखाने दोनदा टिचकी मारली. "आवाज पोचतोय का मागच्या पंगतीला?"

सगळा हॉल एका दमात ओरडला. बाहेरून आलेल्या पोरांना ते कोण हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की असा आवाज आपल्यापैकी कुणाकडे नाही. भाऊंनी मग व्याही मंडळींचं करावं तसं एकेका बँडचं स्वागत केलं. "नाशिकवरनं आलेली पाव्हणे मंडळी", "ज्यांच्या घरच्यांना हे वाजवणं अजिबात पसंत न्हाई असं आमचं जुन्नरचं रत्न". दर वाक्याला हॉल उसळत होता. दाराशी उभी राहून मी रडत होते आणि हसत होते.

शेवटी तौसीफचा बँड होता. त्यांच्या गायकाने अर्ध्या गाण्यात माइक भाऊंच्या पुढे धरला. भाऊंनी तो घेतला आणि ओरडले. शब्द नव्हते. दम संपला की श्वास घ्यायचे आणि पुन्हा ओरडायचे. पोरं डोकी हलवत होती, हात वर करत होती. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे. तौसीफ नंतर मला म्हणाला, "माझं गाणं संपलं व्हतं ताई. मी थांबलो न्हाई. थांबलो असतो तर भाऊ रडत्यात ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं."

दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागला. खोलीत बसवून मी कोल्ड क्रीमने भाऊंचं तोंड पुसलं. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. चेहरा कुणी ओळखला नसता, पण ते टिचकीचं वाक्य तालुक्यात कुणाला माहीत नाही? त्याला मागे लग्नातलं गाणं जोडून आठवड्याभरात ते फोनाफोनी फिरलं. स्टँडवर, रसवंतीपाशी भाऊ दिसले की पोरं घसा खरवडून विचारायची, "पोचतोय का?" पितृपाठात भूत नाचवलं, अशी बोलणी झाली. लग्न ठरवायला आलेल्या एका घराने मालकाला सांगितलं, आमच्या कार्याला तो माणूस दारात नको. मालकाने भाऊंकडून हॉलच्या किल्ल्या परत घेतल्या. भाऊंच्या पुण्यातल्या मुलाचा फोन आला, "तुम्हाला शोभतं का हे?" वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, ते चित्रण पाहिलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "हसं करून घेतलं."

त्या एका संध्याकाळने भाऊंचं आयुष्य उजळलं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते घराबाहेर पडेनासे झाले. तौसीफ आणि पोरं पुण्याच्या कार्यक्रमाला न्यायला आली, तर वहिनींनी दार उघडलं नाही. माझ्याशीही भाऊ त्या रात्रीबद्दल कधी बोलले नाहीत. मी विषय काढला, की भिंतीकडे बघायचे.

आजार परत आला. या वेळी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वासाची शिट्टी यायची. मी जायची तेव्हा तालुक्यातली लग्नं सांगायची, कोणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा मामा रुसला. ते ऐकायचे. एकदा सांगताना मी एका नवरदेवाचं गाव चुकले. त्यांनी हात हलवला, ओठांनी बरोबर गाव सांगायचा प्रयत्न केला. मला समजेना. तीन-चार गावं मी म्हणून पाहिली. मग त्यांनीच हात जोडले, राहू दे.

ऐन लग्नसराईत ते गेले. दहाव्याला नदीच्या घाटावर पुढारी आले, श्रद्धांजलीची भाषणं झाली. माइकवर एक नवीन निवेदक होता. त्याने सगळ्या पुढाऱ्यांची नावं बिनचूक घेतली आणि भाऊंच्या गावाचं नाव चुकवलं. कुणी दुरुस्त केलं नाही. मागे झाडाखाली तौसीफ आणि चार-पाच काळ्या टी-शर्टातली पोरं उभी होती. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही.

महिन्याभराने वहिनी पार्लरमध्ये आल्या. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "त्यांचा आवाज हाय का गं तुझ्याकडं कुठल्या लग्नातला?"

मला वाटलं, किती सोपं मागणं. मी ओळखीच्या सगळ्या फोटोग्राफरांकडे गेले, लोकांच्या घरून जुन्या सीडी मागून आणल्या. प्रत्येकीत भाऊ दिसतात. निळा कोट, हातात माइक, ओठ हलताहेत. आणि वर सिनेमाचं गाणं. लग्नाच्या चित्रणात निवेदन कोण ठेवतो? जिथे जिथे भाऊ बोलायला लागतात, तिथे तिथे सनई किंवा गाणं भरलेलं. इतक्या लग्नांत मिळून एक वाक्य कुठे शिल्लक नव्हतं.

वहिनींना हे सांगितलं तर त्या जायला उठल्या, दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "ते दुसरं हाय ना? त्या पोरांचं?"

तौसीफकडून मी ते मागवून घेतलं, मागे कुणी गाणं न जोडलेलं. वहिनींनी पडद्याकडे बघितलं नाही. फोन कानाशी धरला, डोळे मिटले. बाहेर हायवेवरून कांद्याचे ट्रक जात होते, म्हणून दुसरा कान तळव्याने झाकून घेतला. स्वागतं ऐकली. पोरांचा गलका ऐकला. मग ते ओरडणं सुरू झालं, तशी त्यांनी फोन झटकन माझ्याकडे दिला.

"बंद कर बाई," त्या म्हणाल्या, "दुखत असंल त्यांना."