पद्माबाईचं शिळं पाणी

पद्माबाईला शिळी भाकरी चालते. चालते काय, शिळ्या भाकरीचा काला, वर तेल-तिखट आणि कांदा, असं ताट ती सणाच्या दिवशीही मागून खाईल. शिळं पाणी मात्र तिच्या घरात खपत नाही. नळ येण्याचा दिवस उजाडला की घागरी, हंडे, कळश्या, माठ आणि कोपऱ्यातलं मोठं निळं टिपाडसुद्धा आडवं व्हायचं. आत उरलंसुरलं असेल ते दारापुढच्या नालीत. मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती भांड्यांशी अशी झटायची, जणू भांड्यांनी तिचं घोडं मारलं होतं.

"कालचं पाणी म्हंजे मेलेलं पाणी," ती म्हणायची.

हिंगोलीत स्टेशनामागच्या आमच्या गल्लीत सगळ्याच बायका हे करत, पण पद्माबाई त्यांची पुढारी. माझं घर तिच्या उताराला. तिनं ओतलेलं पाणी माझ्या दारावरून वाहत जाई आणि पहिला राग मलाच येई. मी दार आपटून लावून घ्यायची. तासाभरानं तीच बाई वाटीभर ठेचा घेऊन कडी वाजवायची, आणि मी मुकाट्यानं उघडायची. ठेच्यापुढे माझा राग कधी टिकला नाही.

तिचा नवरा मुंजाजी. त्यांचा भोंग्याचा ऑटो साऱ्या शहराला माहीत आहे. हळदीचा बाजार बंद असो, जयंतीची मिरवणूक असो की कुणाची शेळी हरवलेली असो, मुंजाजींचा खर्जातला आवाज गल्लोगल्ली फिरणार. बाहेर अख्खं शहर ज्यांचं ऐकतं, ते घरात पाऊल टाकलं की मुके. घरात बोलायला पद्माबाई जागाच ठेवत नाही.

गेल्या पावसाळ्यात पावसानं तोंड दाखवलं न दाखवलं, आणि संक्रांतीलाच धरणाचा तळ दिसू लागला. पालिकेनं नळ आधी चार दिवसांआड केले, होळीनंतर आठवड्यातून एकदा. दारात पाइप लावून गाडी धुतली तर दंड, नळाला मोटर जोडली तर मोटर जप्त. तरी पाणी पुरेना. मग पालिकेच्या पाणी पथकाचे मुकादम धर्मसिंग यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. नळ यायच्या आधीच नाल्या भरून वाहतात! पाणी अजून आलंच नाही, तर वाहतंय ते काय? दुसऱ्याच आठवड्यात नवा नियम निघाला. साठवलेलं पाणी ओतून देणाऱ्याला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा नळ कट.

हा नियम शहराला ऐकवायचं काम अर्थातच मुंजाजींकडे आलं. सकाळी ऑटो आमच्या गल्लीत शिरला. "नागरिकांना कळविण्यात येते की साठवलेले पाणी शिळे समजून..." एवढं होतंय तोच पद्माबाईनं टिपाड आडवं केलं. लोंढा थेट ऑटोच्या पुढच्या चाकाखाली. भोंग्यातला आवाज मधेच थांबला. ऑटोमागे मोटरसायकलवर धर्मसिंग होते.

"मुंजाजीभाऊ, घर कोणाचं हाय हे?"

मुंजाजी विसरले की माइक चालू आहे. "आपलंच," ते म्हणाले, आणि ते साऱ्या गल्लीनं ऐकलं.

मी पोट धरून हसले. पद्माबाई हसली नाही. तिची लेक साक्षी वारंगा फाट्याला दिलेली, पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. तिची सासू जिवनबाई मोठी रोखठोक बाई. "आमच्या बोअरला पाणी हाय, पोरीला तिकडं तहानेत कशाला नेता?" असं ती म्हणाली होती. पद्माबाईनं हट्टानं लेकीला आणायचं ठरवलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच! आता नळ कापला गेला, तर जिवनबाई लेक आणि होणारं बाळ दोघांना उचलून फाट्याला नेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"वहिनी," धर्मसिंग म्हणाले, "भाऊच्या तोंडाकडं पाहून या खेपेला समज देऊन राहिलो. पुढच्या खेपेला कापावाच लागंल."

"माझी लेक येऊन राहिली, दादा."

"म्हणूनच सांगून राहिलो."

त्यानंतर पद्माबाईचे जे हाल झाले, ते माझ्यानं बघवेनात, आणि बघितल्याशिवाय राहवेना. नळ आले तरी टिपाड तसंच उभं. त्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून ती त्याच्याभोवती घिरट्या घालायची. एकदा तर डोळे मिटून त्यातून तांब्या भरला. ताजं पाणी शिळ्यावर पडताना तिचा चेहरा असा झाला, की मलाच तिची दया आली.

साक्षी आली आणि पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात तिला मुलगी झाली. पद्माबाई नाचायचीच बाकी राहिली. दवाखान्यातून घरी आणायचा दिवस ठरला, आणि नेमका तोच नळाचा दिवस निघाला. जिवनबाई जीप घेऊन दवाखान्यात येणार होती. "घर बघते, पाणी बघते, मंग ठरवते पोरगी कुठं राहील ते," असा तिचा निरोप होता.

त्या दिवशी उजाडता उजाडता मी दात घासत ओट्यावर उभी होते. पद्माबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि टिपाडाच्या कडेला हात घातला. टिपाड अर्ध्याहून जास्त भरलेलं. तिचा हिशेब सरळ होता. सहाला नळ येतील, धर्मसिंग अजून झोपलेले असतील, आणि नवजात नातीच्या अंगाला शिळं पाणी लागणार नाही.

मुंजाजींनी ते पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते गुपचूप ऑटोत जाऊन बसले, आणि पुढच्याच क्षणी भोंगा गरजला. "पद्माबाई मुंजाजी यांना कळविण्यात येते की त्यांनी टिपाडाला हात लावू नये. नळ आल्याशिवाय लावूच नये."

खिडक्या उघडल्या. कुत्री भुंकली. पद्माबाईचा हात टिपाडावरून असा निघाला, जणू चटका बसला.

"काहून वरडून राहिले? लाज हाय का न्हाई?"

"घरात तू बोलू देत न्हाईस," भोंगा म्हणाला.

ती तणतणत आत गेली. टिपाड राहिलं उभं.

सहा वाजले, नळ नाही. सात वाजले, तोटीतून नुसती हवा. आठला मुंजाजींना पालिकेचा फोन आला आणि तेच ऑटो घेऊन सांगत सुटले, की रस्त्याच्या खोदकामात मोठी पाइपलाइन फुटली असून दोन दिवस पाणी येणार नाही. गल्लीतल्या निम्म्या बायकांनी अंधारातच आपापली भांडी पालथी केली होती. त्या आता रिकाम्या कळश्या घेऊन पद्माबाईच्या दाराशी आल्या. तिनं प्रत्येकीला पाणी दिलं, आणि प्रत्येकीला बोलही लावले. "ओतायची एवढी घाई काहून झाली होती, बायांनो?" हे विचारताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अशा बाईला काय म्हणावं!

दहाच्या सुमारास जीप आली. साक्षी उतरली, लेकरू उतरलं, जिवनबाई उतरली. पिशव्या जीपमध्येच राहिल्या. ते मी पाहिलं, आणि पद्माबाईनंही पाहिलं.

पाणी उकळून निवलेलं होतं. पद्माबाई न्हाणीत पाय लांब करून बसली, नडग्यांवर तीन दिवसांची नात. जिवनबाई दारात उभी.

"वाटेत आयकलं, नळ आले न्हाईत म्हणे. मंग हे पाणी कवाचं हो, विहीणबाई?"

गल्लीतल्या आम्ही सगळ्या बाळ बघायला तिथंच जमलो होतो. एक खोटं बोलली असती तर कुणी उघडं पाडणार नव्हतं. मीही नाही. पण पद्माबाईनं तांब्या वर उचलला आणि धार नातीच्या अंगावर सोडली.

"आठ दिसांचं हाय. नातीपेक्षा पाच दिसांनी थोरलं हाय ते, विहीणबाई. थोरल्याच्या हातनं न्हाऊन राहिली पोरगी."

जिवनबाईनं पुढे होऊन टिपाडावरचं फडकं बाजूला केलं. आत वाकून पाहिलं. तळाचा निळा रंग स्वच्छ दिसत होता. तिनं तांब्याभर काढलं आणि उभ्यानंच गटागटा प्यायली.

"अरे," तिनं जीपवाल्याला हाक मारली, "पिशव्या उतरव. पोरगी हितंच राहील."

पद्माबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. तशीच ती ओरडली, "अहो, बघत काय उभे राहिले? न्हाणीचं पाणी बादलीत धरा! नालीत एक थेंब गेला तर बघा!"